आडवा छेद

हाडं मऊ व्हायला तीन आठवडे लागतात.
दर सोमवारी आम्लाच्या बरणीतून डोकं काढायचं,
टाचणी टोचून बघायची.
उकडलेल्या रताळ्यात शिरावी तशी शिरली
की झालं.

मग टाळू वर करून चार ठिकाणी कापायचं:
पुढच्या दातांच्या मागे,
टाळूवरच्या बारक्या उंचवट्यावर,
दुसऱ्या वळीवर,
पहिल्या दाढेपाशी.
"सातपुतेबाई, मिलिमीटर चुकला की नाक चुकलं,"
शिरगुप्पे सर म्हणायचे.
एकोणीस वर्षं टेकडीवरच्या या खोलीत
मी पांढऱ्या उंदरांची नाकं चुकू दिली नाहीत.

पहिल्या कापात सगळं साधं असतं.
मधे पडदा, दोन्ही बाजूंनी आत वळलेली एकेक घडी.
पडद्याच्या पायथ्याशी दोन चंद्रकोरी,
दुसऱ्या उंदराची खबर घेणाऱ्या.
आपल्यात त्यांची नुसती खूण उरलीय.
चौथ्या कापात मात्र वळणामागं वळण,
कागदाहून पातळ हाडावर अंथरलेलं.
पुस्तकात त्यांना शुक्तिका म्हणतात, म्हणजे शिंपल्या.
मला ती खेळण्यातल्या भुईचक्रासारखी वाटतात,
पेटवायची राहून गेलेली.

श्वासाच्या वाटेवर लव असते,
एकाच दिशेला झुकलेली,
पन्हाळ्याच्या उतारावरचं गवत झुकतं तशी.
वासाच्या भागातली लव लांब, आडवी पडलेली.
तिला कुठं जायचं नसतं.
तिच्याखाली केंद्रकांची दाटी, पाच-सहा ओळी,
आणि अगदी तळाला चपट्या पेशींची एकच ओळ.
वरचं सगळं जळालं
तर पुन्हा उभं करायचं काम त्यांचं.

सुभाषनगरात आमच्या दारात पिंपं होती.
हिरड्याचं पाणी, बाभळीची साल, ओलं कातडं.
मला तो वास घरात कधी आलाच नाही.
आला तो शाळेत, दुसऱ्यांच्या नाकांवरून.
दप्तर उघडलं की बाकावरच्या मुली सरकायच्या.
नाक मुरडताना काय मुरडतं ते आता मला माहीत आहे:
बाहेरच्या कातडीखालचा एक छोटा स्नायू.
आत काही हलत नाही.

एकदा आप्पांना सांगत होते,
फॉर्मलिन कशाला लागतं,
मांस कुजू नये, तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून.
आप्पा आरीला मेण लावत होते.
"म्हंजे तू बी कातडंच कमावतीस की गं."
मी हसले. नंतर जेवताना हसू आलं नाही.

या वर्षीचे उंदीर धुराच्या पेटीतले.
फौंड्रीच्या वाळूत राळ जळते, तो धूर,
रोज सहा तास, तेरा आठवडे.
दुसऱ्या कापात लव नाही.
तिच्या जागी चपट्या पेशींचे थर, एकावर एक,
तळव्याला घट्टा पडावा तसे.
नाकानं आतून कातडं धरलंय.
मी अहवालात योग्य तो शब्द लिहिला.

माझंही असंच असेल.
परवा भावकीतलं कुणी काकवीचा डबा देऊन गेलं.
झाकण काढून नाक आत घातलं,
गरम वाफ लागली, गोड काही आलं नाही.
तळातली ती ओळ आहे की नाही
हे बघायला मला कापावं लागेल.

सतरा नंबर धुराबाहेरचा होता, स्वच्छ हवेचा.
त्याच्या डाव्या बाजूला, तिसऱ्या कापात,
भाताच्या कोंड्याचा एक कण अडकलेला,
पिवळसर, कडा शाबूत.
भोवती पांढऱ्या पेशींनी रिंगण धरलेलं.
पिंजऱ्यातल्या अंथरुणात तोंड खुपसून झोपला असेल,
मरायच्या आदल्या रात्री.

सर म्हणाले, "हा काढून टाका मोजणीतून."
काढला.
पण वहीत त्याचं चित्र काढून ठेवलंय,
कोंड्यासकट.
खाली लिहिलंय: वास घेत होता.